फिल्टरवरची खोळ

देवराज मोहल्ला, म्हैसूर
३ मार्च २०२५

दादा,

आधी नमस्कार, मग तक्रार. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून मी पत्रं लिहिते, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून मी माझ्या या मामेभावाला दर रविवारी लिहायची, ती सवय सोडवत नाही. आजचं पत्र मात्र सवयीचं नाही. मला किळस आली आहे आणि ती सांगायला घरात माणूस उरलेलं नाही.

आपला ट्रक तुला ठाऊक आहे. तयार कपड्यांनी शिलाई खाल्ली तेव्हा यजमानांनी दुकान अर्धं केलं आणि तो घेतला. गेल्या जुलैत ते गेले, तेव्हा सगळे म्हणाले, वहिनी, ट्रक विका. मी ठेवला. पहिल्या दिवसापासून शेषगिरीच तो चालवतो. हंगामात बेट्टदपुराकडून आल्याची पोती भरून आणतो, एरवी मिळेल तो माल. तिकडच्या शेतवाटांवर लाल धूळ इतकी की ट्रक परत आला की दारातल्या तुळशीचा रंग बदलतो.

गेल्या शनिवारी ट्रक चढावर धापा टाकू लागला आणि मागून निळसर धूर. शरत मेकॅनिकला मागच्या आवारात बोलावलं. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, एवढंच मला माहीत. त्याची नळी शरतने सोडवली आणि आतून काळं, चिकट काहीतरी ओघळलं. काकवीसारखी तार धरणारं, आणि त्यात ती लाल धूळ कालवलेली. जत्रेतल्या भज्यांच्या कढईत आठवडाभर तेच तेल राहिलं तर जसा वास येईल, तसा वास. मी नाकावर रुमाल धरला आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. दुपारी जेवण गेलं नाही.

शरत तिथूनच ओरडून म्हणाला, कोणीतरी फिल्टरला तेल पाजलंय. आता फिल्टर दोन जातीचे असतात हे यजमानांमुळे मला माहीत आहे. एक कागदाचा, कोरडा, भरला की बदलायचा. दुसरा कापडाचा, धुऊन, तेल लावून पुन्हा घालायचा. मी पहिल्यापासून कागदाचाच आणते, आणि सगळ्यात चांगला. संक्रांतीच्या सुमारास शेषगिरी म्हणाला होता, कागदाचा लवकर भरतोय अम्मा, दुसरा घालून बघू का. तेलात भिजवलेलं फडकं गाडीच्या नाकात कोंबायचं, या कल्पनेनेच मी नाही म्हटलं. आणि त्याने माझ्या पाठीमागे तेच केलं. कागदाच्या फिल्टरला तेल लावलं. केबिनमध्ये तेलाचा डबा पण सापडला.

मी पायरीवरूनच विचारलं, हे काय आहे. तो एक अक्षर बोलला नाही. ट्रककडे बघत उभा राहिला. जो खरा असतो तो बोलतो, दादा. मी त्याला उद्यापासून येऊ नको म्हटलं. अकरा वर्षं ज्याला माझ्या हातचा सार-भात वाढला, त्याने असं लपूनछपून करावं, याची मला त्या तेलाहून जास्त शिसारी आली.

तू तीस वर्षं डिझेल इंजिनांत काढलीस. फिल्टरला तेल लावल्याने असं होतं ना? मी बरोबर केलं ना?

तुझी,
कमल

*

कोल्हापूर
११ मार्च २०२५

प्रिय कमल,

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच, ओळ मारल्याशिवाय सरळ. माझ्या अक्षराला हसू नकोस, हात कापतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. टर्बोच्या नळीत तेलाचा पातळ हात फिरल्यासारखा ओलावा प्रत्येक चालत्या ट्रकला असतो. त्याला कोणी भीत नाही. तार धरणारी काकवी मात्र नसावी. धुवायच्या फिल्टरला तेल जास्त झालं तर हवेबरोबर ते पुढे ओढलं जातं, टर्बोच्या पात्यांवर बसतं, त्यावर धूळ बसते, आणि तू लिहितेस तसा लगदा होतो. कागदाच्या फिल्टरला तेल लावणं हा तर शुद्ध गाढवपणा. कागद तेलाने बुजतो, हवा जाणार कुठून?

तेव्हा तुझ्या मेकॅनिकने फिल्टर तेलाने निथळताना पाहिला असेल, तर तू केलंस ते बरोबर. असा ड्रायव्हर मी डेपोच्या फाटकातूनच परत धाडला असता.

पण कमल, तू स्वतः काय पाहिलंस ते पत्रात कुठे सापडलं नाही. वासाबद्दल पाऊण पान आहे, फिल्टरबद्दल एक ओळ नाही. आणि केबिनमध्ये तेलाचा डबा नसलेला ड्रायव्हर मी तीस वर्षांत पाहिला नाही.

गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरत जा.

तुझा,
बिंदुमाधव

*

म्हैसूर
१८ मार्च २०२५

दादा,

तुझ्या पत्राने जीव थंडावला. तू लिहिलंस की असा ड्रायव्हर तू फाटकातूनच परत धाडला असतास. माझ्या मनातलंच होतं, पण तुझ्यासारख्या माणसाने म्हटलं की ते खरं वाटतं.

ते पत्र अगदी वेळेवर आलं. दामोदरराव तुला आठवतील, आमच्याच समाजातले, विठ्ठल मंदिराच्या कामात पुढे असतात. त्यांचे चार ट्रक आहेत. शेषगिरी त्यांच्याकडे काम मागायला गेला, आणि त्यांनी माणूस पाठवून मला विचारलं की हा कसा आहे, दोन ओळी लिहून द्या. मी लिहून दिल्या. तो फिल्टरला तेल लावतो, विचारलं तर तोंड उघडत नाही, आणि माझे बंधू, ज्यांनी तीस वर्षं डिझेल इंजिनं पाहिली, त्यांचंही मत तसंच आहे. दामोदररावांनी त्याला ठेवलं नाही.

मला याचा आनंद झाला असं समजू नकोस. पण मी पाहिलं नाही असं तू लिहितोस ते मला लागलं. काय पाहायचं होतं मी? आमच्या सिस्टर इमेल्डा सोमवारी पांढरा रुमाल तपासायच्या, आठवतं, मी तुला लिहायची. खांद्याला पिनेने लावलेला, कोरा करकरीत. नखं उलटीसुलटी करून बघायच्या. त्या वर्गात फिनेलचा आणि ताज्या खडूचा वास असायचा. तो वास आठवला की मी अजूनही सरळ बसते. त्या शाळेत वाढलेल्या बाईने त्या घाणीत डोकं घालावं अशी अपेक्षा तू कशी करतोस? ते शरतचं काम आहे. शरत म्हणतो अख्खा टर्बोच बदलावा लागेल.

आणखी एक. परवा वसंता आली होती, शेषगिरीची बायको. ट्रकची किल्ली परत द्यायला. मी खिडकीतूनच घेतली. आत बोलावलं नाही, हे तुला सांगते, कारण तुला सांगितल्याशिवाय मला करमत नाही. ती जाताना एवढंच म्हणाली, “अम्मा, तुम्ही एकदा तुमच्या हाताने फिल्टरचा डबा उघडून बघा.” मी म्हटलं, मला जे दिसायचं ते दिसलं. तिने मान हलवली आणि गेली. तिच्या हातांना मातीचा नि ओल्या आल्याचा वास होता, किल्लीलाही लागला. किल्ली मी साबणाने धुतली.

गुडघे बरे आहेत.

कमल

*

कोल्हापूर
२५ मार्च २०२५

कमल,

मी काय लिहिलं होतं ते काढून पुन्हा वाच. “फिल्टर तेलाने निथळताना पाहिला असेल तर” असं लिहिलं होतं. ते “तर”च्या आधीचं तू गिळलंस आणि उरलेलं दामोदररावांना पाठवलंस, माझ्या नावाने. एका माणसाची भाकरी माझ्या अर्ध्या वाक्यावर गेली. पत्र वाचून मला जेवण गेलं नाही, आणि त्यात तेलाचा काही संबंध नव्हता.

तुझा मेकॅनिक पायरीपर्यंत ओरडला, पण फिल्टरचा डबा त्याने उघडला होता का? तुझ्या पत्रात त्याने फक्त टर्बोची नळी सोडवली आहे. ज्याने फिल्टर पाहिला नाही तो फिल्टरला तेल लावलं म्हणतो, आणि जी पायरीवर उभी आहे ती त्याचं ऐकते. आमच्या वर्कशॉपात असल्या साक्षीवर कोणाची सुट्टीसुद्धा कापली नसती.

आता मी सांगतो ते कर, आणि शरतला न बोलावता कर. इंजिन गार असू दे. फिल्टरचा डबा चिमट्यांनी लावलेला असतो, हाताने उघडतो. फिल्टर बाहेर काढ आणि दोन्ही हातांत धर. कोरडा आहे की तेलकट, ते डोळ्याने नको, बोटाने सांग. मग डब्याकडून टर्बोकडे जाणारी नळी सोडव आणि आत पांढरं कापड फिरव. तेल फिल्टरमधून आलं असेल तर ती नळी सुरुवातीपासून ओली असेल. ती कोरडी असेल आणि तेल टर्बोपाशीच सुरू होत असेल, तर त्या तेलाचा फिल्टरशी संबंध नाही, ते टर्बोच्या पोटातून आलंय. मग टर्बोचं चाक बोटाने हलव. भिंतीला घासलं तर टर्बो गेला. नाही घासलं तर शरतला सांग घरी जा.

आणि डब्यावर बोटभर काचेची नळी असेल. तिच्यात लाल दिसतंय का ते बघ. हवा कमी पडली की ते लाल वर येतं.

रागावून लिहिलं. रागावलोच आहे.

बिंदुमाधव

*

म्हैसूर
२ एप्रिल २०२५

दादा,

तुझं पत्र चार दिवस देवघरात ठेवलं होतं. पाडवा झाल्यावर, काल सकाळी यजमानांचा जुना सदरा अंगात घातला आणि आवारात गेले. हातमोजे घेतले होते, पण तू बोटाने सांग म्हणालास म्हणून काढून ठेवले.

डबा उघडला. चिमटा कडक होता, नख तुटलं. फिल्टर बाहेर काढला. दादा, तो कोरडा होता. खडखडीत. कागदाच्या घड्यांत बोट घालून पाहिलं, लाल भुकटी लागली, तेलाचा थेंब नाही. मग शिवणयंत्राच्या मोठ्या पेचकसाने नळीची पट्टी ढिली केली, त्याला अर्धा तास गेला. पांढऱ्या पॉपलीनचा तुकडा आत फिरवला. तांबूस झाला, पण कोरडा. टर्बोच्या तोंडाशी गेले तेव्हा ओलं लागलं, आणि पुढच्या बाजूला तीच काळी काकवी. थांबले, पुन्हा हात घातला. चाक हलवलं. घट्ट आहे, कुठे घासत नाही. काचेच्या नळीत लाल आहे, काठोकाठ.

ते लाल पाहून मला आठवलं, शेषगिरीने ते मला दोनदा दाखवलं होतं. दोन्ही वेळा मी तडक नवा फिल्टर आणून दिला. हयगय केली नाही.

म्हणजे त्याने तेल लावलेलं नव्हतं. हे लिहायला मला दोन दिवस लागले असते, पण तू रागावशील म्हणून लगेच लिहिते. मग तेल आलं कुठून, हे काही मला उमगत नाही. फिल्टर नवा, चाक घट्ट, आणि फिल्टरवरची माझी खोळसुद्धा जिथल्या तिथे होती. तेवढं एक बघून बरं वाटलं. सहा महिने धूळ खाऊन पार काळी झाली आहे, पण एक टाका उसवलेला नाही. कोणीतरी मधूनमधून धुतही असावं, काठाला साबणाचे पांढरे ओघळ होते. ती झटकून पुन्हा चढवली आणि डबा लावून टाकला.

हात तीनदा धुतले. नखांतलं जात नाही.

कमल

*

कोल्हापूर
९ एप्रिल २०२५

कमल,

कसली खोळ?

फिल्टरला खोळ नसते. तीस वर्षांत मी पाहिली नाही. तू कशाची शिवलीस, किती पदरी, आणि कधीपासून घातलीस, ते मला लिही. पण लिहिण्याआधी आवारात जा आणि ती काढ.

टर्बो हवा ओढतो. भरपूर ओढतो. समोरून हवा मिळाली नाही की जे जवळ असेल ते ओढतो, आणि त्याच्याजवळ असतं ते त्याच्याच बेअरिंगचं तेल. ते सील ओलांडून आत येतं. नवा फिल्टर घातलास, त्यावर पुन्हा खोळ घातलीस, त्याने काय झालं? काचेत लाल तसंच राहिलं. तो माणूस तुला लाल दाखवत होता आणि तू त्याच्या हातात नवा फिल्टर देत होतीस.

नाकातोंडावर रुमाल बांधून बेट्टदपुराचा डोंगर चढून बघ. किती पायऱ्या होतात ते मला कळव.

एवढं मला समजत नाही की त्याने ती काढून का टाकली नाही. ड्रायव्हर माणूस, त्याला पहिल्या चढावर कळलं असेल.

बिंदुमाधव

*

म्हैसूर
२७ एप्रिल २०२५

दादा,

उशीर झाला. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं, ते आणायला जावं लागलं.

आधी खोळीचं सांगते. आमच्या घरात आयुधपूजेला प्रत्येक यंत्राला नवी खोळ मिळते. शिलाईची यंत्रं, काज करायचं यंत्र, देवळातली भजनाची पेटीसुद्धा. शिवायची घरच्या बाईने, आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत तीच ठेवायची, बदलायची नाही. सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं ते एवढंच. गेल्या दसऱ्याला यजमान जाऊन तीन महिने झाले होते. ट्रकला कधी खोळ नव्हती, ते हसायचे, म्हणायचे, त्याला पांघरूण कोण घालणार. मला वाटलं, या वर्षी घालायची. शेषगिरीला विचारलं, ट्रकचा कुठला भाग सगळ्यात जास्त धूळ खातो? त्याने फिल्टर दाखवला. मी माप घेतलं आणि शिवली. बाहेरून दुसुती, आतून फ्लॅनेल. फ्लॅनेल यजमानांच्या हिवाळी बंडीचं. हळदकुंकू लावून शेषगिरीच्या हातात दिली आणि सांगितलं, पुढच्या दसऱ्यापर्यंत ही ट्रकवरून उतरता कामा नये. त्याने नारळावर हात ठेवून हो म्हटलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी खोळ काढली. दुसऱ्या दिवशी बेट्टदपुराची बस धरली. शेषगिरीचं घर डोंगराच्या पायथ्याशी आहे, पण तो घरी नव्हता. वसंता म्हणाली, आलं धुवायला गेलेत. तिने मला आत बोलावलं, ताक दिलं, आणि मला खिडकीतून घेतलेली किल्ली आठवली.

आलं धुवायची जागा तू पाहिली नसशील. पाण्याचा जोरदार फवारा पोत्यांवर मारतात आणि लाल चिखल गुडघ्यापर्यंत वाहतो. शेषगिरी त्यात उभा होता, लुंगी वर खोचून. अकरा वर्षं ज्याने माझ्या दारात ट्रक उभा केला की आधी पाय धुतले, मग हाक मारली, तो. मला बघून त्याने फवारा बंद केला आणि बाहेर आला. मी खोळ पिशवीतून काढली. माफी मागायचं वाक्य मी बसमध्ये तयार केलं होतं, ते राहिलं, आणि मी तुझाच प्रश्न विचारला. ही काढून का नाही टाकलीस?

तो म्हणाला, “तीनदा सांगितलं अम्मा. दिवाळीला, संक्रांतीला, आणि रथसप्तमीच्या आधी. गाडीला दम लागतोय म्हटलं. तुम्ही म्हणालात, दम मलाही लागतो.”

असं मी म्हणाले होते, दादा. मला आठवतं. मला ते उत्तर तेव्हा मार्मिक वाटलं होतं.

मी म्हटलं, वाटेत काढायची, घरी येताना परत घालायची, मला काय कळलं असतं? तो म्हणाला, बाकीचे ड्रायव्हर हेच सांगायचे. पण नारळावर हात ठेवला होता. म्हणून दर रविवारी गाडी उभी असताना काढून वसंता धुवायची, वाळली की परत घालायचा. धुतल्यावर दोन दिवस गाडी बरी चालायची. कापडाच्या फिल्टरचंही त्याने त्यासाठीच विचारलं होतं. तो आकाराने बारीक असतो, खोळीला जरा ढिली जागा मिळेल, एवढाच त्याचा हिशोब. आणि मी त्यात लबाडी पाहिली.

मग मी विचारलं, त्या दिवशी आवारात तरी बोलायचंस. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. खोळीची आतली बाजू उलटी केली, फ्लॅनेलवर अंगठा फिरवला, आणि म्हणाला, “साहेबांची बंडी ओळखली होती मी. हिच्यामुळे झालं असं तुम्हाला शरतसमोर कसं सांगू? वाटलं, तुम्ही डबा उघडाल, तुम्हालाच दिसेल. तुम्ही नाकाला रुमाल लावून पायरीवर गेलात.”

फवाऱ्याच्या नळातून पाणी ठिबकत होतं.

सिस्टर इमेल्डांचं मी तुला सगळं लिहिलं नव्हतं. त्या रुमाल तपासायच्या, मग आपला स्वतःचा रुमाल काढायच्या आणि बाकाखाली हात घालून खालची बाजू पुसायच्या, जिथे आम्ही बघत नसू. रुमाल काळा होऊन बाहेर यायचा आणि त्या तो वर्गाला दाखवायच्या. मी पन्नास वर्षं त्यातली पिन आणि इस्त्री तेवढी लक्षात ठेवली.

येताना बसमधून उतरले ती थेट दामोदररावांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं आणि माझं पत्र परत मागितलं. त्यांनी फाइलमधून काढून दिलं. दादा, त्या टर्बोतली घाण मी आता दोनदा हाताने काढली आहे, तिचं मला काही वाटत नाही. पण ते पत्र हातात धरवेना. एक खाडाखोड नाही, समास दोन्ही बाजूंना सारखा, “कळविण्यास खेद होतो” असं सुबक वळणदार अक्षरात. आणि तुझं नाव. मी तिथेच त्यांच्या टेबलावर बसून दुसरं लिहिलं. दोन ठिकाणी खोडावं लागलं. लिहिलं की ट्रकमध्ये जे तेल आलं ते माझ्या हट्टाने आलं, शेषगिरीने फिल्टरला तेल कधी लावलं नाही, त्याने दिलेला शब्द पाळला आणि मी न बघता त्याच्यावर आळ घेतला, माझ्या बंधूंनी तसं काही म्हटलेलं नव्हतं. दामोदररावांनी दोनदा वाचलं. म्हणाले, वहिनी, हे मी ठेवू का? मी म्हटलं, ठेवा, आणि कोणी विचारलं तर दाखवा.

त्यांनी त्याला लगेच बोलावणं धाडलं. एक मेपासून शेषगिरी त्यांचा ट्रक चालवेल. मी त्याला माझ्याकडे ये म्हटलं होतं. तो नाही म्हणाला नाही, हो पण म्हणाला नाही. “बघू अम्मा,” एवढंच. मी पुन्हा विचारलं नाही. मला तो हक्क राहिलेला नाही.

काल मात्र तो आपणहून आला. डिझेलची बादली घेतली आणि दुपारपर्यंत एकेक नळी सोडवून धुतली. मी फडकी पिळून देत होते. माझ्या कोपरापर्यंत काळं झालं तरी तो, तुम्ही राहू द्या अम्मा, असं म्हणाला नाही, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. नुसता फिल्टर घालून ट्रक सुरू केला. धूर नाही. बटण दाबून त्याने काचेतलं लाल खाली बसवलं, ते खालीच राहिलं. दुसरा ड्रायव्हर शोधून देतो म्हणाला, चांगला माणूस, पण त्याला खोळ देऊ नका.

जाताना त्याने खोळ धुऊन, पिळून, दोरीवर टाकली. मी म्हटलं, दसरा अजून पाच महिने दूर आहे, हिचं काय करू? तो पाय धूत होता. मान वर न करता म्हणाला, “शिलाईच्या मशीनला घाला अम्मा. ती चालवताना तुम्ही खोळ काढता.”

ती वाळली आहे. आकार फिल्टरचा, मशीनला बसणार नाही. उसवायला घेतली आहे. टाके मीच घातलेले, फार घट्ट आहेत.

तुझी,
कमल

ता. क. पायऱ्या मोजल्या नाहीत. रुमालाशिवायच अर्ध्यात दमले आणि एका पायरीवर बसले. कागदाच्या कोपऱ्यात डाग दिसेल, तो त्या तेलाचा. नवा कागद घेतला नाही.